फोटोंची मळणी

बायको समिता गेल्यावर अभिनंदन मगदूम ज्या दिवशी पहिल्यांदा कामावर आला, नेमकी त्याच दिवशी फोटो कुठे ठेवायचे यावर बैठक होती. कोणी त्याला खुर्ची दिली, कोणी पाणी आणलं, कोणी म्हणालं, घरी जायचं असेल तर जा. तो बसून राहिला. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

चित्रकोठी ही सांगलीतली कंपनी. माधवनगर रस्त्यावर एका जुन्या हळदीच्या गोदामात तिचे सर्व्हर होते. भिंती कितीही रंगवल्या तरी कोपऱ्यातून पिवळी भुकटी झिरपायचीच. फोटो स्टुडिओ, मंगल कार्यालयं, शाळा आणि हजारो कुटुंबं यांच्या वेबसाइट ती सांभाळायची. फोनमध्ये फोटो साठवणं तोवर बंद झालं होतं. फोटो कोणी छापतही नसे. फोन म्हणजे नुसती खिडकी, फोटो सगळे साइटवर. मगदूमांच्या घरचे आणि समिताच्या माहेरचे, म्हणजे जयसिंगपूरच्या चौगुल्यांचे, सगळे फोटो अर्थातच चित्रकोठीत होते. घरचा माणूस तिथे कामाला असताना दुसरीकडे कोण ठेवणार?

बैठकीतला प्रश्न नवा नव्हता. वेबसाइटवरचे फोटो ठेवायच्या दोन रीती. पहिली डेटाबेसची. नाव, तारीख, गाव आणि फोटो, सगळं एकाच नोंदीत, पासबुकावर फोटो चिकटवावा तसं. नोंद पुसली की फोटो पुसला जातो, आणि आत गेलेला फोटो जसा गेला तसाच बाहेर येतो, एक कण इकडचा तिकडे होत नाही. पण हे काम जड. फोटो वाढले की साइट धापा टाकू लागते, आणि सगळ्याच्या रोजच्या नकला काढायच्या तर वीज पुरत नाही. दुसरी रीत फाइल सिस्टिमची. फोटो वेगळ्या कपाटात आणि डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता, कोणतं कपाट, कोणता कप्पा. ही रीत हलकी आणि चपळ. फक्त कपाटात पुढे काय चालतं, याची नोंदीला खबर नसते.

चित्रकोठीत तोवर पहिली रीत होती. पण त्या वर्षी सरकारने डेटा सेंटरांची वीज निम्म्यावर आणली, आणि त्याच सुमाराला ‘सार’ नावाची नवी फाइल सिस्टिम बाजारात आली. साठवण विभागाची प्रमुख तारा बोरगावे फळ्यासमोर उभी राहून समजावत होती.

“एका घरातले फोटो घ्या. तोच सोफा, तेच पडदे, त्याच माणसांची तीच तोंडं. आपण दर फोटोत ते सगळं नव्याने साठवतो. सार तसं करत नाही. त्या घरात सारखं काय आहे ते ती शिकते, त्याचा एक साचा करून ठेवते, आणि प्रत्येक फोटोपुरता फक्त फरक लिहिते. फोटो मागितला की साच्यात फरक मिसळायचा, झाला फोटो. ठरावीक दिवसांनी ती सगळं पुन्हा चाळते, नको ते बारीक फरक उडवून लावते. त्याला मळणी म्हणायचं.”

“फोटो बिघडत नाही?” कोणीतरी विचारलं.

“डोळ्यांना कळेल इतका नाही. दर मळणीनंतर तपासणी होते.”

मग सगळ्यांनी अभिनंदनकडे पाहिलं, कारण डेटाबेस त्याच्या ताब्यात होता. तो अडला असता तर बैठक लांबली असती.

“चालेल,” तो म्हणाला.

त्या दिवसांत तो सगळ्यालाच चालेल म्हणत होता. भाजी निवडता निवडता समिता एका कुशीवर कलली, ती उठलीच नाही. मेंदूतली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी उपयोग झाला नसता. मैत्रा तेव्हा अडीच वर्षांची. आई खेळतेय असं समजून ती तिच्या पाठीवर चढून बसली होती. अभिनंदनने ते दारातून पाहिलं आणि त्यानंतर त्याच्या आतलं काहीतरी बंद पडलं. रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल. ते आलं नाही. तो वेळेवर जेवायचा, मुलीची वेणी घालायला शिकला, पाळणाघराच्या बैठकांना गेला. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात, आणि मग आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं सबंध अंग झालं होतं.

अशी चार वर्षं गेली.

दिवाणखान्यात समिताच्या फोटोसाठी काचेची चौकट लावलेली होती. तिला चंदनाचा हार होता आणि आत साइटवरचे समिताचे फोटो आळीपाळीने येत. लग्नातली समिता, गरोदरपणातली, खिडकीशी उभी राहून हसणारी. मैत्राला आईची आठवण अशी नव्हतीच. तिची आई म्हणजे ही चौकट. शाळेत निघताना ती तिच्यासमोर उभी राहून “आई, येते गं” म्हणायची, आणि शाळेत काय झालं ते परत आल्यावर तिलाच आधी सांगायची.

समिताची धाकटी बहीण ऋजुता माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. वर्षभरापूर्वी तिची हुबळीहून मिरजेला बदली झाली आणि शनिवार-रविवार ती भाचीकडे येऊ लागली. मैत्रा तिच्या गळ्यातच पडलेली असायची. ऋजुताही मनापासून रमली. कधी ती दारातून आत आली की अभिनंदनला क्षणभर वाटायचं, समिता आली. वाटायचं आणि विझायचं. पूर्वी या दोघी इतक्या सारख्या नव्हत्या, असंही एकदा त्याच्या मनात आलं. पण वय वाढलं की बहिणी एकमेकींसारख्या दिसायला लागतात, असं म्हणून त्याने तो विचार सोडून दिला.

सासऱ्यांच्या, अण्णांच्या डोळ्यांतून हे सुटलं नव्हतं. एका सकाळी ते जयसिंगपूरहून मुद्दाम आले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “अभिनंदनराव, एक बोलू का? राग मानू नका.”

“बोला ना अण्णा.”

“मैत्राला आई पाहिजे. ऋजुता तिला परकी नाही. मी तिला विचारलं, ती नाही म्हणाली नाही. तुमच्या मनात काय आहे?”

अभिनंदनने आपल्या मनात डोकावून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, हो नाही आणि नाहीही नाही.

“चालेल, अण्णा,” तो म्हणाला.

अण्णांनी डोळे पुसले. दिवाळीनंतर घरच्या घरी लग्न उरकायचं ठरलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ऋजुता मैत्राच्या केसांना तेल लावत होती. अभिनंदन आत इस्त्री करत होता. मैत्रा मान वर करून मावशीच्या तोंडाकडे बघत होती.

“मावशी, तुझ्या भुवईत ही फट का आहे?”

“शाळेत असताना बाकाच्या कोपऱ्यावर आपटले होते. टाके पडले. तिथे परत केस आलेच नाहीत. तुझ्या आईनेच मला उचलून दवाखान्यात नेलं होतं.”

“मग आई पण आपटली होती का?”

“नाही गं. का?”

“तिला पण आहे की. बघ.”

ऋजुताने चौकटीकडे पाहिलं. लग्नातला फोटो होता. हिरवा शालू, मुंडावळ्या, आणि उजव्या भुवईत बारीक खोच. ती कंगवा हातात घेऊनच उठली आणि पुढचा फोटो येईपर्यंत उभी राहिली. त्यातही खोच होती. त्याच्या पुढच्यातही.

“दाजी,” तिने हाक मारली, “जरा बाहेर या.”

तो आला.

“ताईच्या भुवईला ही खूण कधी होती?”

“नव्हती,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “असेल.”

“असेल काय? संसार केलात ना तिच्याबरोबर?”

त्याने आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले की चौकटीतलाच चेहरा समोर यायचा, खोच धरून.

ऋजुताचा आवाज खाली आला. “ही हनुवटी बघा. हे कान. हे माझे आहेत, दाजी. रोज आरशात बघते मी. ताईच्या लग्नात तिचा शालू नेसून मी उभी आहे.”

“ती आई आहे!” मैत्रा ओरडली. तिचे अर्धे केस तेलाने चपचपीत आणि अर्धे कोरडे होते. “ती माझी आई आहे!”

ऋजुताने तिचे राहिलेले केस विंचरले, वेणी घातली, आणि संध्याकाळच्या आत मिरजेला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अभिनंदन ताराच्या टेबलाशी गेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मगदूमांचा कप्पा उघडला.

“तपासणी स्वच्छ आहे रे. एकाही मळणीत दोष नाही.”

“तपासणी कशाशी ताडून होते?”

“मागच्या मळणीशी. आता जे निघालं ते मागच्यासारखं आहे ना, एवढंच बघते ती.”

“आणि मागचं?”

“ते त्याच्या मागच्या...” तारा बोलता बोलता थांबली.

मग दोघांनी मिळून ते उलगडलं. दर मळणीला चेहरा केसभर हलत होता. केसभर हलणं कोणाच्या डोळ्यांत येत नाही, यंत्राच्याही नाही. पण पहिल्या फोटोशी कोणी कधी ताडून पाहिलंच नव्हतं, कारण पहिले फोटो राहिले नव्हते. मूळ प्रती पहिल्याच वर्षी पुसल्या होत्या. वीज वाचवायची म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पण हलायचं तर ऋजुताकडेच का? त्याचं उत्तर साधं निघालं. साचा बनतो तो जे जास्त असेल त्याचा. मगदूम आणि चौगुले यांच्या एकत्र कप्प्यात दोन बायका होत्या, मुळात जवळजवळच्या चेहऱ्यांच्या. एकीचे फोटो दर आठवड्याला वाढत होते. रंकाळ्यावर मैत्राबरोबर, वाढदिवसाला, सणावाराला. दुसरीचे एका दिवशी थांबले होते. मेलेल्या माणसाचे फोटो वाढत नाहीत. दर मळणीला जिवंत बहीण जड होत गेली आणि मेलेली फोल होत गेली. सारला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकाच घरातल्या दोन तोंडांमधला थोडासा फरक, तिने उडवला.

मग ताराने स्वतःच्या घरचा कप्पा उघडला आणि एका धोतर-टोपीतल्या वृद्ध माणसाचा फोटो पडद्यावर आणला.

“माझे वडील,” ती म्हणाली. “हे असेच होते की नव्हते, मला कळत नाहीये, अभिनंदन. खरंच कळत नाहीये.”

अभिनंदनला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला नाही, पण ठेवायला हवा हे कळलं, म्हणून त्याने ठेवला.

मग तो आपल्या जागेवर येऊन डेटाबेस चाळत बसला. आशा होती म्हणून नव्हे, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. आणि तिथे, जुन्या साइटच्या काळातला एक रकाना त्याला दिसला. पूर्वी यादीच्या पानावर दाखवायला प्रत्येक फोटोची अंगठ्याच्या नखाएवढी प्रत काढून ठेवायचे. फोटो फाइल सिस्टिममध्ये हलवले तेव्हा या प्रती हलवल्या नव्हत्या. इतक्या लहान गोष्टीला कपाट शोधायलाच जास्त कष्ट पडले असते. म्हणून मोठे फोटो गेले आणि या चिमुकल्या प्रती नोंदीत चिकटलेल्या तशाच राहिल्या. नवी साइट त्या वापरत नव्हती, मळणी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. सगळे त्यांना विसरून गेले होते.

त्याने समिताचं नाव टाकलं. यादीतलं पहिलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र पडद्यावर आलं. त्यात एक अनोळखी बाई होती.

आपण नाव चुकीचं टाकलं, असं त्याला वाटलं. पुन्हा टाकलं. पुन्हा तीच. उभट तोंड, रुंद कपाळ, नारिंगी ओढणी, डोळे बारीक केलेले, चेहऱ्यावर त्रासिक भाव. खाली स्पष्ट लिहिलेलं होतं, समिता अभिनंदन मगदूम. तो चित्राकडे बघत राहिला. ओळख हळूहळू वर आली. पण ती येईपर्यंत जो काही वेळ गेला, त्या वेळात त्याने आपल्या बायकोला ओळखलं नव्हतं, आणि हे आता कशानेही पुसलं जाणार नव्हतं.

मागे तारा येऊन उभी होती. “मोठा करून देऊ? यंत्र छान करतं. कळणारही नाही लहान होता म्हणून.”

“नसलेले कण कुठून आणेल ते?”

“घरातल्या बाकीच्या फोटों...” तिने जीभ चावली.

“राहू दे,” अभिनंदन म्हणाला. “लहानच राहू दे.”

त्याच आठवड्यात चित्रकोठीने मळणी थांबवली. मालकांनी आधी कुरकुर केली, पण तारा हटली नाही आणि अभिनंदनही पहिल्यांदाच अडून बसला. सगळ्या ग्राहकांना कळवलं गेलं की तुमच्या फोटोंतले चेहरे बदललेले असू शकतात आणि हवी असल्यास मूळ लहान प्रत मिळेल. फार थोड्यांनी मागितली. पुष्कळांनी तर संदेश उघडलाही नाही. इस्लामपूरच्या एका बाईंनी लिहिलं, आमचे हे फोटोत आता हसरे दिसतात, तसेच राहू द्या.

ऋजुताला त्याने घरी बोलावलं आणि ते चित्र दाखवलं. मैत्रा शाळेत होती. ऋजुताने फोन डोळ्यांजवळ नेला आणि एक हुंदका देऊन खालीच बसली. “ताई,” ती म्हणत राहिली, “माझी ताई.” अभिनंदन समोर उभा राहून ते बघत होता. आपल्याला असं व्हायला हवं होतं, एवढं त्याला कळत होतं.

डोळे पुसून तिने विचारलं, “दाजी, अण्णांना तुम्ही हो म्हणालात ते कोणासाठी? माझ्यासाठी, की त्या चौकटीतलीसाठी?”

“मला माहीत नाही, ऋजुता.”

“निदान खरं बोललात.” ती उठली. “मी अण्णांना सांगते, हे लग्न नको. मला तुमचा राग नाही. पण मी या घरात यायच्या आधीच भिंतीवर येऊन बसले होते, ताईला ढकलून. आता पुन्हा तिच्या जागेवर मी नाही बसायची.”

“मैत्राला काय सांगू?”

“जे आहे ते. मी येत राहीन. मावशी म्हणून येईन.”

मैत्राला त्याने संध्याकाळी जवळ घेऊन ते चित्र दाखवलं.

“ही कोण?” तिने विचारलं.

“ही तुझी आई.”

मैत्राने चित्राकडे पाहिलं, मग चौकटीकडे. “नाही,” ती म्हणाली. “ही नाही.” तिने फोन त्याच्या हातात परत दिला, अगदी नीट, दुसऱ्याची वस्तू द्यावी तसा.

त्याने तरीही चौकटीतले मोठे फोटो काढले आणि तेवढं एकच चित्र ठेवलं. ते ताणून मोठं केलं नाही. एवढ्या मोठ्या काळ्या काचेच्या मधोमध तिकिटाएवढी समिता, भोवती चंदनाचा हार. मैत्रा पहिल्या दिवशी रडली, पाय आपटले, माझी आई परत लाव म्हणाली. त्याने लावली नाही. मग तिने रडणं सोडलं आणि चौकटीशी बोलणंही सोडलं. शाळेत निघताना ती भिंतीकडे न बघता चपला घालायची. अभिनंदनला वाटायचं, आपण तिची आई दुसऱ्यांदा नेली. वाटायचं, आणि तेही त्याच्या त्या बधिर अंगात कुठेतरी जिरून जायचं.

दिवाळी आली आणि गेली. ऋजुता रविवारी यायची. मैत्राच्या केसांना तेल लावता लावता ताईच्या गोष्टी सांगायची. ताई कैऱ्या पाडायला झाडावर कशी चढायची, गणिताला कशी घाबरायची, गाडी किती वाईट चालवायची. मैत्रा ऐकायची, विचारायची काही नाही.

थंडीतल्या एका सकाळी अभिनंदन डबा भरत होता. मैत्रा दप्तर पाठीला लावून दिवाणखान्यात थांबली होती. बराच वेळ तिचा आवाज आला नाही म्हणून तो डोकावला. ती खुर्चीवर चढून चौकटीला अगदी नाक टेकवून उभी होती. चित्र एवढं लहान की त्याशिवाय दिसायचंच नाही.

“बाबा,” मागे न बघता तिने विचारलं, “हिने डोळे असे का केलेत?”

“ऊन होतं.”

“मग सावलीत का नाही उभी राहिली?”

“मीच उभं केलं होतं तिला तिथे. हरिपूरच्या घाटावर.” तो डबा हातात घेऊन जवळ आला. “सूर्य माझ्या पाठीशी आणि तिच्या तोंडावर. मला नदी पण हवी होती फोटोत. मी आपला मागे सरकतोय, पुढे येतोय.”

“मग?”

“मग काय, चिडली.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली...” आणि तो आवाज त्याला ऐकू आला, जसाच्या तसा, शेवटचं अक्षर लांबवत बोलायची तिची ती जयसिंगपुरी लकब. कोणी साठवून न ठेवलेला, कोणत्याच कपाटात नसलेला आवाज. “म्हणाली, अभीऽ, काढ की लवकर, डोळे फुटले माझेऽ.”

मैत्रा खुदकन हसली. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“पुन्हा म्हण. आईसारखं म्हण.”

त्याने तोंड उघडलं. अभी, एवढंच आलं. पुढचे शब्द हुंदक्यात गेले, डब्याचं झाकण हातातून निसटून फरशीवर वाजत गेलं. तो भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.

“म्हण ना, बाबा,” मैत्रा म्हणाली, आणि खुर्चीवरून उतरून त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत उभी राहिली.